आजीच्या डब्यातला रुपया : लाखाचा नाही, पण मोडीत घालायचाही नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरी देव्हाऱ्यात, फडताळात किंवा ट्रंकेच्या तळाशी जुन्या चांदीच्या रुपयांचा डबा आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पंधरवड्यात एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. नाव सांगत नाही, बार्शीतले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आहेत. रुमालात बांधलेले सात रुपये त्यांनी टेबलावर ठेवले. चांदीचे, राजाछाप. मोबाईलवर त्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता. 'जॉर्ज राजाचा युद्धातला रुपया तुमच्याकडे असेल तर दहा लाख मिळतील.' खाली नंबर. सरांनी फोन लावला. समोरच्यानं फोटो मागवले. दुसऱ्या दिवशी 'तुमचा रुपया पास झाला' म्हणून अभिनंदन केलं. मग नोंदणीची फी. मग जीएसटी. मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र म्हणे, त्याचे पैसे. १८ हजार ४०० रुपये गेल्यावर नंबर बंद.

सर माझ्याकडे तक्रार छापायला आले नव्हते. ते निघाले होते सराफाकडे. 'हे सात मोडून टाकतो, डोळ्यासमोर नको,' म्हणाले. जाता जाता सहज आत डोकावले, एवढंच.

आधी फसवणुकीचं बोलून घेतो. जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँक कुठलीही फी, कमिशन किंवा कर घेत नाही आणि असं काम तिनं कुणालाही दिलेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनं स्वतः जाहीर पत्रक काढून हे सांगितलंय. त्यामुळे फोनवरचा माणूस बँकेचं नाव घेऊन आगाऊ पैसे मागायला लागला की फोन ठेवायचा. विकणाऱ्यानं पैसे भरायचे हा कुठल्या बाजारातला नियम? सर आयुष्यभर गणित शिकवत होते. पण दहा लाखाचा आकडा समोर आला की त्रैराशिक आठवत नाही.

आता मूळ प्रश्न. या रुपयाची खरी किंमत किती? त्यासाठी दोन महायुद्धांत आपल्या रुपयाचं काय झालं ते बघावं लागतं. मी नाणेतज्ज्ञ नाही, डिप्लोमा केलेला पत्रकार आहे. पण हा विषय गेली काही वर्षं माझ्या मागे लागलाय. का लागलाय ते पुढे येईल.

इंग्रजी अमदानीतला चांदीचा रुपया म्हणजे बरोबर १८० ग्रेन वजन, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम. म्हणजेच एक तोळा. त्यातले बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. टक्क्यांत सांगायचं तर ९१.७. जुन्या बायका औषधाची मात्रा सांगताना 'रुपयाभार' म्हणायच्या ती काही उपमा नव्हती. तागडीत खरंच रुपया टाकून वजन व्हायचं. 'बंदा रुपया' आणि 'खणखणीत नाणं' हे शब्दही आपल्याला याच नाण्यानं दिलेत. दगडावर आपटला की आवाज सांगायचा, खरा की खोटा.

पहिलं महायुद्ध १९१४ ला सुरू झालं. हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी, माणसं, सगळं बाहेर जायला लागलं, आणि त्याचे पैसे इथल्या शेतकऱ्याला, शिपायाच्या घराला रुपयांतच हवे होते. कागदावर विश्वास कुणाचा? त्यात चांदी जगभर महागली. सरकारनं ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांचीही. अडीच रुपयांची नोट! आज संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. १९१८ च्या वसंतात फ्रान्समधून युद्धाच्या वाईट बातम्या यायला लागल्या तशी नोटा देऊन रुपये घेण्यासाठी रांगा लागल्या. सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा इतका खाली आला की नोटेच्या बदल्यात रुपया द्यायचं वचन मोडायची वेळ आली होती.

वाचवलं कुणी, तर अमेरिकेनं. एप्रिल १९१८ मध्ये तिथं पिटमन कायदा झाला. अमेरिकन खजिन्यात पडून असलेले चांदीचे डॉलर आटवायचे आणि ती चांदी औंसाला एक डॉलर दरानं ब्रिटनला विकायची, हिंदुस्थानसाठी. किती डॉलर आटवले? २७ कोटींच्या वर. त्यातले जवळजवळ २६ कोटी आपल्यासाठी. ती चांदी जहाजांनी इकडे आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत तिचे रुपये पडले. मुंबईत तर त्या वर्षी चक्क इंग्लंडच्या राजाचे सोन्याचे सॉव्हरिनही पाडले गेले, इंडियाच्या 'आय' अक्षराची खूण घालून.

गंमत बघा. आपल्या घरातला १९१८-१९ चा रुपया हा कदाचित आधी कुठल्यातरी अमेरिकन खजिन्यातला डॉलर होता. आणि अमेरिकेतले संग्राहक आजही हळहळतात, कारण आटवताना कुठल्या सालाचे किती डॉलर भट्टीत गेले याची नोंद कुणी ठेवली नाही.

या इतिहासाचा बाजारभावाशी थेट संबंध आहे. १९१६ ते १९२० या सालांचे रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. म्हणून आजही प्रत्येक डब्यात १९१८ असतोच. शंभराच्या वर वय झालं म्हणून वस्तू दुर्मीळ होत नाही. उलट १९११ चा रुपया बघा. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्तीचं पदक कोरलं होतं, पण सोंड अशी आखूड निघाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू आणि मुसलमान दोघंही भडकले. ब्याण्णव-चौऱ्याण्णव लाख नाणी पाडली होती, त्यातली थोडीशीच बाहेर आलेली, बाकी परत आटवली. पुढच्या वर्षी सोंड लांब केली. तो 'डुकराचा रुपया' संग्राहक हौसेनं घेतात. १९१८ पेक्षा तो फक्त सात वर्षांनी जुना. किंमत वयाची नसते, उरलेत किती याची असते.

१९२२ नंतर पुढची पंधरा वर्षं चलनासाठी रुपये पाडलेच नाहीत. लोकांनी साठवलेले परत यायला लागले, सरकारकडे रुपयांचा ढीग झाला. त्यामुळे १९२३ ते १९३७ मधलं साल असलेला ब्रिटिश इंडियाचा चांदीचा रुपया कुणी दाखवला तर समजा, एक तर तो नकली आहे किंवा दाखवणाऱ्याचा चष्मा बदलायला झालाय.

मग आलं दुसरं युद्ध.

सहाव्या जॉर्जच्या नावाचे रुपये १९३८ आणि १९३९ सालाचे निघाले, जुन्याच ९१.७ टक्के चांदीचे. यातला १९३९ चा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ. सप्टेंबर १९३९ ला युद्ध पेटलं. पहिले काही महिने इथं फारसं जाणवलं नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं आणि बाजारात एकच भीती पसरली : इंग्रज हरला तर त्याच्या कागदाची किंमत काय? पुन्हा त्याच रांगा. नोटा द्या, रुपये घ्या, घरी नेऊन पुरा. त्या महिन्याच्या अखेरीला सरकारनं नियम काढला की स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा. जुलैत एक रुपयाची नोट पुन्हा बाजारात आणली. आणि त्याच वर्षात चांदीच्या नाण्यांतली चांदी निम्मी केली. आधी पावली, मग अधेली, शेवटी रुपया.

नव्या रुपयात ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन मात्र तेच ११.६६ ग्रॅम. आकार तोच, राजा तोच. हातात घेतला तर फरक कळू नये अशीच योजना होती. तागडीतही रुपयाभार तो रुपयाभारच. फक्त पोटातली चांदी अर्धी. खोटी नाणी पाडणाऱ्यांना आळा बसावा म्हणून कडेला नवी तऱ्हा केली. नुसत्या उभ्या रेघांऐवजी रेघांच्या मधोमध एक खोलगट पट्टी आणि तिच्यात नक्षी. नखानं कडेवरून फिरवून बघा, लागते हाताला.

एवढ्यावर थांबलं असतं तर लोकांनी जुने रुपये घरात आणि नवे बाजारात, असं केलं असतं. केलंच. चांगलं नाणं घरात राहतं आणि वाईट नाणं फिरतं, हे कुठल्याही वाण्याला पुस्तक न वाचता माहीत असतं. म्हणून सरकारनं जुने रुपये चलनातूनच काढले. राणी व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये बाद. सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये. पंचम जॉर्जचे आणि सहाव्या जॉर्जचे पुऱ्या चांदीचे १९४३ मध्ये. खजिन्यात आणून द्या, बदलून घ्या. आणून दिलेले सरळ भट्टीत.

म्हणजे काय झालं बघा. आज तुमच्या घरात जो राणीछाप किंवा दाढीवाल्या राजाचा रुपया आहे, तो तुमच्या पणजीनं किंवा आजोबांनी सरकारचं ऐकलं नाही म्हणून आहे. मुदत संपली, कायद्यानं तो रुपया राहिला नाही, तरी त्यांनी तो दिला नाही. गाडग्यात घालून चुलीमागे पुरला, नाहीतर धान्याच्या कणगीत टाकला. लमाण तांड्यांवरच्या बायकांनी त्याला कडी जोडून गळ्यात घातला. बरोबर होतं त्यांचं. कागदाची आणि निम्म्या चांदीची लबाडी त्यांना न शिकता कळली होती.

युद्ध इथपर्यंत येऊन पोचलं होतं. जपान ब्रह्मदेशात, कलकत्त्यावर बॉम्ब पडलेले. कलकत्त्याची टांकसाळ धोक्यात आली म्हणून १९४३ मध्ये लाहोरला नवी टांकसाळ सुरू झाली. १९४४ आणि १९४५ च्या काही रुपयांवर बारीक 'एल' अक्षर दिसतं ते लाहोरचं. फाळणीनंतर ती टांकसाळ पाकिस्तानकडे गेली. सुट्ट्या पैशाची तर इतकी मारामार की १९४३ ला तांबं वाचवायला मध्ये भोक पाडलेला पैसा निघाला. भोकाचा पैसा माझ्या वडिलांच्या करदोट्यात होता म्हणे.

महागाई भडकली होती, बंगालात दुष्काळानं माणसं रस्त्यावर मरत होती. लष्कराचा सगळा खर्च रुपयांत चालू होता, नोटा छापून. लोकांचा विश्वास टिकवायला सोनं-चांदी आणणं भाग होतं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा जो प्रचंड स्फोट झाला, त्यात दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटाही होत्या, रुपयाला आधार द्यायला पाठवलेल्या. त्या विटा उडून मुंबईभर पडल्या. काही तर गाळ काढताना कित्येक वर्षांनी सापडल्या.

आणि चांदी? पुन्हा अमेरिका. या वेळी विकत नाही, उसनी. 'लेंड-लीज' म्हणून जी मदत होती तिच्यात हिंदुस्थानला २२ कोटी ६० लाख औंस चांदी मिळाली. इतर कुठल्याही देशाला एवढी दिली नाही. अट एकच. युद्ध संपल्यावर तेवढीच चांदी परत. पैसे नकोत, चांदीच हवी.

मी बसून हिशेब केला. २२ कोटी ६० लाख औंस म्हणजे सात हजार टनांच्या आसपास. निम्म्या चांदीच्या एका रुपयात ५.८३ ग्रॅम चांदी. म्हणजे हे कर्ज फेडायला साधारण १२० कोटी रुपये, नोटा नव्हे, नाणी, आटवावी लागतील. हा आकडा वहीत दोनदा मांडून बघितला, कारण पहिल्यांदा मलाच खरा वाटेना.

कर्ज फेडलं गेलं. १९४६-४७ मध्ये चांदी पूर्ण गेली आणि निकेलची नाणी आली, मागे वाघ असलेली. चुंबकाला चिकटतात ती हीच. स्वतंत्र भारत सरकारनं युद्धातले निम्म्या चांदीचे रुपये, अधेल्या, पावल्या गोळा करून घेतल्या. कलकत्त्याला अलीपूरच्या नव्या टांकसाळीत खास चांदी शुद्ध करण्याचा कारखाना उभारला. आटवून तांबं, निकेल, जस्त वेगळं काढलं आणि १९५७ च्या सुमारास चांदी अमेरिकेला परत गेली. पाकिस्ताननंही आपला वाटा दिला. पहिल्या युद्धात डॉलर आटवून रुपये झाले, दुसऱ्या युद्धानंतर रुपये आटवून चांदी परत त्याच देशात गेली. मध्ये आपल्या दोन पिढ्यांनी घाम गाळला. या व्यवहाराचं वर्णन शाळेच्या पुस्तकात मला तरी सापडलं नाही. सरांनाही नाही, आणि त्यांनी छत्तीस वर्षं तीच पुस्तकं वाचली.

आता पैशाचं.

हिशेब सोपा जावा म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरू. आजचा भाव जो असेल त्या प्रमाणात तुम्ही वाढवून घ्या. जुन्या पुऱ्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे १,०६९ रुपये. युद्धातल्या निम्म्या रुपयात ५.८३ ग्रॅम, म्हणजे ५८३ रुपये. ही झाली धातूची किंमत. युद्धकाळातला साधा, वापरून झिजलेला १९४१, ४२ किंवा ४५ चा रुपया संग्राहकही याच्या आसपासच घेतो, थोडं वरखाली. दहा लाख सोडा, दहा हजारही नाही. कारण भट्टीत प्रचंड नाणी गेली तरी उरलीही भरपूर.

मग संग्राहक जास्त पैसे कशाला मोजतो? मुख्य म्हणजे अवस्थेला. टांकसाळीतून निघाल्यावर हाताळलाच गेला नाही, राजाच्या मुकुटाची नक्षी आणि केसांची रेघ न् रेघ शाबूत आहे, अशा रुपयाला धातूच्या कितीतरी पट किंमत येते. त्याच सालाचा घासलेला रुपया असेल तर काही नाही. दुसरं म्हणजे बारीक फरक. टांकसाळीची खूण, १९४५ मधला ५ चा आकडा लहान की मोठा, राजाच्या डोक्याची घडण. संग्राहकाला प्रत्येक प्रकाराचा एकेक हवा असतो, म्हणून नेहमी न दिसणारा प्रकार असला तर तो थांबतो, भिंग काढतो.

आणि १९३९ चा रुपया. पाडले गेले, पण बहुतेक बाहेर पडण्याआधी किंवा पडल्या पडल्या परत भट्टीत गेले. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत सगळ्यात दुर्मीळ हाच. याला खरोखर मोठी किंमत येते, इतर सालांच्या कित्येक पट. पण नाचू नका. त्यामुळेच बाजारात १९३८ मधला ८ कोरून ९ केलेले रुपये फिरतात. तुमच्याकडे १९३९ निघाला तर आधी भिंगाखाली शेवटचा आकडा बघा, मग चांगल्या लिलाव संस्थेकडे किंवा जाणत्या नाणेसंग्राहकाकडे तपासून घ्या. एकाकडे नाही, दोघांकडे.

आता माझ्या घरची गोष्ट. २०११ साली बहिणीच्या मुलीच्या बारशासाठी चांदीचे वाळे-पैंजण करायचे होते. आईनं डब्यातले बावीस रुपये काढले आणि आमच्या नेहमीच्या सराफाकडे दिले. मी बरोबर होतो. सराफानं एक उचलला, मागे-पुढे केला, 'राजाछाप आहे, युद्धातला, निम्मी चांदी,' म्हणाला आणि सगळे बावीस एकत्र तागडीत टाकले. निम्म्याचा भाव, वर घट. आम्ही मान डोलावली. पत्रकार होतो मी, पंधरा वर्षं बातम्या लिहीत होतो, आणि तिथं मान डोलावली.

दोन वर्षांनी हे वाचायला लागलो तेव्हा आईला विचारलं, कसला राजा होता गं त्यावर? ती म्हणाली, 'दाढीवाला. बऱ्याचवर दाढीवालाच.'

तिथं मला जे कळलं ते सगळ्यांनी पाठ करा. रुपयावर राणी असेल तर चांदी पुरी. दाढीवाला राजा असेल, मग टक्कल असलेला एडवर्ड असो की मुकुटवाला पंचम जॉर्ज, चांदी पुरी. निम्म्या चांदीचा दाढीवाला रुपया निघालेलाच नाही. फक्त बिनदाढीचा, मुकुटवाला राजा असेल तर साल बघायचं. १९३८-३९ पुरा, १९४० ते ४५ निम्मा. सराफाला तेवढं सांगता आलं पाहिजे. वर धरलेल्या भावानं एका रुपयामागे ४८६ रुपयांचा फरक पडतो. बावीस नाण्यांचा तुम्हीच करा. त्यात एखादा १९११ किंवा १९२१ होता का, ते आता कुणाला माहीत. २१, २२ सालचे रुपयेही कमीच मिळतात.

सगळे सराफ असे नसतात, हे मी लिहायलाच हवं. आमच्याच कट्ट्यावर एक म्हातारे सराफ आहेत. ते गिऱ्हाइकाला साल वाचून दाखवतात आणि नाणं चांगलं असेल तर 'हे मोडू नका' म्हणून परत देतात. पण चांदीचा भाव वर गेला की डबे बाहेर निघतात, गर्दी होते, आणि गर्दीत कोण साल वाचतंय?

नाणं ठेवणार असाल तर एक करू नका. धुऊ नका. दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चिंच, रांगोळी, दंतमंजन लावून रुपये चकचकीत करायची आपली पद्धत आहे, माझ्या बायकोचीही. लक्ष्मीला काळा रुपया कसा ठेवायचा, हे तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. पण प्रत्येक घासण्यात वरची नक्षी जाते आणि संग्राहक घासलेलं नाणं एका नजरेत ओळखतो. तो काळसर थर म्हणजे घाण नव्हे, तो नाण्याच्या वयाचा दाखला असतो. पूजेला दोन रुपये वेगळे काढा, ते घासा. बाकीच्यांना हात लावू नका. कडी जोडलेला, भोक पाडलेला रुपया संग्राहकाला नको असतो, पण तांड्यावरची अख्खी जुनी माळ असेल तर ती मोडू नका, ती माळ म्हणूनच मोलाची आहे.

कायद्याचं थोडक्यात. घरात वारशानं आलेले रुपये ठेवायला काहीच अडचण नाही. शंभर वर्षांवरची नाणी पुरावस्तू ठरतात, ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता-पाठवता येत नाहीत. परदेशी गिऱ्हाइकाला कुरिअरनं पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. आणि जुना वाडा पाडताना, शेत नांगरताना जमिनीत गाडगं सापडलं तर ते 'आपलं' नसतं. १८७८ चा कायदा अजून आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कमही १८७८ चीच. सापडल्यावर वाटून घेऊन नंतर भांडणारे आणि मग पोलिसांत जाणारे भाऊ मी दोनदा बातमीत लिहिलेत.

तर सरांचे सात रुपये. आम्ही ते खिडकीपाशी नेऊन एकेक बघितले. चार दाढीवाले, १९१७ ते १९२० मधले. तीन बिनदाढीचे : १९४१, १९४२, १९४५. लाखाच्या भावानं धातूची किंमत एकूण सहा हजार पंचवीस. फोनवाल्यानं नेले त्याच्या एक तृतीयांशही नाही. सर काही बोलले नाहीत.

मग १९४५ च्या रुपयावर मला बारीक 'एल' दिसला. भिंग त्यांच्या हातात दिलं आणि म्हणालो, 'सर, हा लाहोरला पाडलाय.' ते बराच वेळ बघत राहिले. त्यांचे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढून आलेले. परत आले तेव्हा पगाराचे जे रुपये आईच्या हातात ठेवले त्यातले तीन तिनं कधी खर्चले नाहीत, असं घरात सांगायचे म्हणे. हे तेच तीन असावेत. सरांनी आजवर त्यांच्यावरचं साल वाचलं नव्हतं.

सराफाकडे ते गेले नाहीत. चार दाढीवाले दोन नातवंडांना दोन-दोन, आणि तीन तसेच रुमालात. सायबर पोलिसांकडे तक्रारीला मात्र मी त्यांना घेऊन गेलो, १९३० नंबरवरही कळवलंय. पैसे परत येतील की नाही ते पुढच्या पोस्टमध्ये सांगेन.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात असतो. ज्यांना आपले रुपये दाखवायचेत त्यांनी या, फुकट सांगतो. भिंग माझ्याकडे आहे. येताना फक्त घासून आणू नका.